अर्हमचा पहिला गोल

मेहरूण, जळगाव
१२ जुलै

मंजूकाकी,

लांबूनच पाया पडते. रोज सकाळी चार-पाच वर्षांच्या पोरांबरोबर बदकासारखं चालून माझी कंबर धरलीये. तुम्ही समोर असता तरी यापेक्षा जास्त वाकता आलं नसतं.

चातुर्मासभर मोबाइलला हात लावणार नाही असा नियम तुम्ही घेतलात. तो पाळताय तुम्ही आणि भोगतेय मी. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "नोकरीचा अर्ज का?" म्हटलं, "नाही हो, काकीला पत्र." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून घेतलं.

आता तुमच्या नातवाचं. तुम्ही आमचा शेजार सोडून धुळ्याला दुकान टाकायला गेलात, तुमचा रोनकदादा बायको-पोरासह इथेच राहिला, आणि जाता जाता अर्हमला माझ्या गळ्यात घालून गेलात. "घरात पोपट आहे, बाहेर तोंड उघडत नाही, तुझ्या फुटबॉलने काही होतंय का बघ," म्हणालात. तर ऐका.

पहिले काही दिवस त्याने रुचीवहिनीची ओढणी सोडली नाही. मीही ओढलं नाही. मी बाकीच्यांना केळीचा ट्रक शिकवत होते. हा माझा स्वतःचा खेळ आहे, पुस्तकातला नाही. प्रत्येक पोर ड्रायव्हर, पायातला बॉल म्हणजे केळीचा माल. सावद्याहून माल भरायचा आणि दिल्लीला न्यायचा. जोरात लाथ मारली की केळी काळी पडली, व्यापारी घेत नाही. म्हणून बॉल पायाजवळ ठेवून हळूहळू न्यायचा. मी "फाटक!" म्हटलं की रेल्वेचं फाटक पडलं, सगळ्यांनी बॉलवर पाय ठेवून उभं राहायचं. बॉल ताब्यात ठेवणं म्हणजे दुसरं काय असतं? पण मोठ्यांसारखं सांगायला गेलं की ही पोरं जांभया देतात.

एक दांडगट पोरगा बॉल भिरकावत चालला होता. एकदम वहिनीच्या ओढणीमागून आवाज आला, "ए, हळू! माल खराब होईल!" काकी, तो अर्हम होता. वहिनी माझ्याकडे बघतायत, मी वहिनीकडे. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा ट्रक घेऊन उभा होता. सगळ्यांत चांगला ड्रायव्हर आहे. मान खाली, नजर बॉलवर, एक केळं काळं पडू देत नाही. मैदान झाडणाऱ्या बेबाबाई म्हणाल्या, "ताई, हाऊ पोऱ्या भलता गुनी शे."

काकांना नमस्कार.

तुमची,
दिपमाला

धुळे
१९ जुलै

दिपू बेटा,

जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या काकांना, म्हणजे आमच्या सेठजींना, वाचून दाखवलं, तेव्हा ते हिशेब करत होते, तरी कान इकडेच होते.

मान खाली घालून का चालतो विचारशील तर ती माझी शिकवण आहे. पावसाळ्यात जमिनीवर जीवच जीव. मुंगी, गांडूळ, गोगलगाय. मी त्याला पाळण्यातून उतरला तेव्हापासून सांगत आले, बेटा, पाय टाकायच्या आधी बघायचं, खाली कुणाचं घर असेल. तो बाथरूममध्ये जातानाही बघतो. तुझ्या बॉलसाठी ते कामाला आलं, मला फार बरं वाटलं. धर्म कुठे वाया जात नाही.

तुझे काका मात्र तुला माहीत आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रक चालवतो ते ठीक. गोल किती मारतो?" मी म्हटलं, अजून लहान आहे. तर म्हणाले, "हा पोरगा गल्ल्यावर बसला तर गिऱ्हाईक त्यालाच विकून जाईल." आपल्याच नातवाला दब्बू म्हणतात, मला ऐकवत नाही. मी त्या दिवशी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही, तो भाग वेगळा.

तुमच्याकडे मॅच वगैरे असते का गं?

तुझी,
मंजूकाकी

मेहरूण
२७ जुलै

काकी,

तुम्ही दुखऱ्या जागीच बोट ठेवलंत.

मॅच नसते. मी ठेवतच नाही. या वयाच्या पोरांना गोलपोस्ट दाखवलं की झालं. दहा पोरं एका बॉलवर तुटून पडतात, दोन दांडगी खेळतात, उरलेली धक्के खातात आणि घरी जाऊन म्हणतात, मला फुटबॉल नाही आवडत. म्हणून मी शेपटी खेळवते, म्हणजे चड्डीला मागे रुमाल खोचायचा आणि आपला बॉल सांभाळत दुसऱ्याचा रुमाल पळवायचा. घर-बदल खेळवते. यात पायाला वळण लागतं, आणि कुणी हरत नाही, म्हणून रोज यावंसं वाटतं.

पण पालकांना हे पटत नाही. मैदानाच्या कडेला उभे राहतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, "ही ताई नुसती खेळवते हो, शिकवत काहीच नाही." काकी, मला तेव्हापासून धड झोप नाही. आता सगळ्यांनी मिळून मागणी केलीय, पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मॅच ठेवा, आजी-आजोबांना बोलवा. मी होकार दिला. मनापासून नाही, पण दिला.

अर्हमला त्यात घ्यावं का, हे मला ठरवता येत नाही. तो आता मस्त रमलाय. काल विधी नावाची नवीन मुलगी आली, रडत होती. अर्हमने तिचा पाय उचलून बॉलवर ठेवला आणि म्हणाला, "असं. आता फाटक उघडेपर्यंत रडायचं नाही." जो मुलगा कुणाशी बोलत नव्हता तो! मला हे मोडायचं नाही. त्याला अजून वर्षभर तरी असंच खेळू द्यावं असं वाटतं.

तुम्ही "नको" म्हणा. तुम्ही म्हणालात की मला रोनकदादाला सांगता येईल. वाट बघते.

दिपमाला

धुळे
४ ऑगस्ट

दिपू बेटा,

तुझं पत्र आलं आणि मी ते लगेच सेठजींना सांगून बसले, ही माझी घाई. मॅच म्हणताच त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, मी येतो. घरातल्या कुणाच्या लग्नालाही ते एवढ्या लगबगीने निघाले नाहीत. सगळ्या पोरांसाठी दुकानातून टी-शर्ट घेऊन येणार आहेत, निळे आणि केशरी.

मग मी "नको" कशी म्हणू, तू सांग.

बेटा, मला कळतं तुझं. पण तू फक्त मैदानावरचा अर्हम बघतेस. मी लग्नकार्यात बघते. त्याच्या बरोबरीची पोरं नाचतात, गाणी म्हणतात, हा माझ्या मागे लपतो, आणि सेठजी दुसरीकडे बघतात. ते दुसरीकडे बघणं मला फार लागतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी नातवाकडे बघून मिशीत हसावं. त्याने एक गोल मारला की पुढे दहा वर्षं कुणी त्याला दब्बू म्हणणार नाही. मग तू त्याला हवे तेवढे दिवस ट्रक चालवायला लाव.

इथे महासतीजींचं, म्हणजे आमच्या साध्वीजींचं, व्याख्यान रोज सकाळी असतं, मी यायची नाही. तू त्याला पुढे ठेव. गोलच्या जवळ. तुझ्यावर माझा भरवसा आहे.

मंजूकाकी

मेहरूण
१९ ऑगस्ट

काकी,

काकांनी तुम्हाला सगळं सांगितलंच असेल. तरीही लिहिते.

रात्रभर पाऊस होता, सकाळी उघडला. मैदान ओलं होतं पण खेळण्याजोगं. काकांचे टी-शर्ट पोरांना गुडघ्यापर्यंत आले, सगळी परीटघडीची भुतं दिसत होती. अर्हम केशरी संघात. मला वाटलं होतं तसंच झालं, सगळी पोरं बॉलमागे एका घोळक्यात. बॉल एकदा घोळक्यातून सुटून नेमका अर्हमकडे आला, आणि तो आपला ट्रक चालवतो तसा मान खाली घालून शांतपणे थेट गोलपर्यंत घेऊन गेला. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. गोलसमोर तो जरा थांबला, बहुतेक त्याला फाटकाची आठवण झाली असावी. लोक हसले. मग त्याने मारला. गोल!

काकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी त्यांना असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं. अर्हम रडायला लागला, पण एवढ्या गलक्याने कुठलंही लहान मूल रडेल. ज्या गृहस्थांनी मला बोल लावला होता, ते स्वतः येऊन म्हणाले, "मॅडम, मानलं."

एकच गोष्ट. मॅचच्या दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे शनिवारपासून, अर्हम मैदानावर आलेला नाही. वहिनी म्हणतात, पोट दुखतं म्हणतो. बेबाबाईंनी मात्र काल सांगितलं, "तो येस ताई, तारना कुंपणपाशी उभा ऱ्हास, अन् चालना जास." म्हणजे तो येतो, पण बाहेरूनच परत जातो. मी धावत गेले तोवर तो गेला होता. आवाजाला घाबरला असेल. पर्युषणाला तुमच्याकडे येतोय म्हणे, तेव्हा जरा विचारून बघाल का? माझ्याशी बोलत नाहीये.

दिपमाला

धुळे
२३ ऑगस्ट

दिपू,

अर्हम बुधवारी आला. सेठजींनी दुकानातल्या माणसांना पेढे वाटले होते, त्यातले चार त्याच्यासाठी ठेवले होते. त्याने हात लावला नाही. आल्यापासून तो घरातही गप्प होता. तो घरात कधी गप्प नसतो, हे तुला माहीत आहे.

काल संध्याकाळी मी प्रतिक्रमणाला बसले, तो मांडीवर डोकं ठेवून पडला होता. आम्ही त्यात दिवसभरात आपल्याकडून दुखावलेल्या जीवांची माफी मागतो. मी त्याला दरवर्षीसारखं समजावून सांगत होते, एक इंद्रियाचे जीव म्हणजे झाडं, पाणी, माती. दोन इंद्रियांचे म्हणजे अळी, गांडूळ, शंखात राहणारे. त्याने डोकं उचललं. "गोगलगाय?" मी म्हटलं, हो, तीसुद्धा. आणि तो असा रडला, बेटा, की शेजारच्या खोलीतून सेठजी धावत आले.

ती गोलच्या समोर होती. ओल्या मातीवर चालली होती, बॉलच्या अगदी पुढ्यात. म्हणून तो थांबला. त्याला फाटकाची आठवण झाली नव्हती, दिपू. ती पलीकडे जाईपर्यंत तो वाट बघत होता. तू शिकवलंस तसं बॉलवर पाय ठेवून, मी शिकवलं तसं खाली बघत. आम्हा दोघींचं सगळं शिकवणं त्या पोराने एकाच वेळी पाळलं.

तो म्हणाला, "मी थांबलो होतो दादी. पण दिपूताई ओरडली."

हे तू मला लिहिलं नाहीस.

तो म्हणतो, आजोबा ओरडत होते, पप्पा ओरडत होते, त्यांचं त्याला काही वाटलं नाही, ते नेहमीच ओरडतात. पण तू कधी ओरडत नाहीस. तू ओरडलीस तेव्हा त्याला वाटलं की मारायलाच पाहिजे. बॉल गेला आणि पाय तिच्यावर पडला. बुटाखाली आवाज झाला, म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तुला रागवायला लिहीत नाहीये. कुठल्या तोंडाने रागवू? पर्युषण आहे म्हणून घरात हिरवी भाजी चिरत नाही आम्ही. आणि मीच तुला लिहिलं, त्याला पुढे ठेव, गोलच्या जवळ. पावसाळी मैदानावर जीव असतात हे मला ठाऊक नव्हतं का? आजोबांनी एकदा हसावं म्हणून मी ते विसरले. सोयीने विसरले.

सेठजी रात्री जेवले नाहीत. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा तो कानाशी "खाली सोडा, खाली सोडा" म्हणत होता. त्यांना वाटलं, लाजतोय.

मंजू

मेहरूण
२६ ऑगस्ट

काकी,

हो, मी ओरडले. आणि लिहिलं नाही. दोन्ही खरं.

कारण सांगते, पण ती सबब नाही. अर्हम बॉलवर पाय ठेवून उभा राहिला आणि लोक हसले. ते त्याला हसत होते, मला वाटलं मला हसतायत. बघा, हिने यांना काय शिकवलंय, गोलसमोर बॉलवर पाय ठेवून उभं राहायला. त्या वेळी मला अर्हम दिसतच नव्हता. मला फक्त कडेला उभी असलेली माणसं दिसत होती. मी मैदानाच्या कडेवरून किंचाळले, "अर्हम, मूर्खासारखा उभा काय राहिलास, मार!" मूर्ख म्हटलं मी त्याला. एवढ्या महिन्यांत एकाही पोराला मी हा शब्द वापरला नव्हता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं. मी हातवारे करत राहिले.

तो जर बोलू शकला नाही, तर तो लाजाळू आहे म्हणून नाही. मी ऐकायला थांबले नाही म्हणून. आणि ज्या मुलाला बोलतं केल्याचं मी तुम्हाला एवढं कौतुकाने लिहीत होते, त्याचंच बोलणं मी तोंडातल्या तोंडात दाबून टाकलं.

लोकांना मॅच फार आवडली. पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवा म्हणतायत. मी नाही म्हणून सांगितलंय, काही पोरं त्यामुळे सोडून जातीलही. जाऊ देत. पण हा शहाणपणा एक महिना आधी सुचला असता तर त्याचा कुणाला उपयोग झाला असता.

तुमच्याकडे संवत्सरीला सगळे एकमेकांची माफी मागतात. मी तुमच्या धर्मातली नाही, पण शेजारात वाढले, तुमच्या घरून दरवर्षी कार्ड येतं. आजवर मी ती कार्डं नुसती कपाटावर ठेवली. माफी ही अशी छापून वाटायची गोष्ट आहे असंच मला वाटायचं. खालचं अर्हमला वाचून दाखवाल?

अर्हम, मी दिपूताई. तू थांबला होतास ते बरोबर होतं. मी ओरडले ते चूक होतं. गोगलगाय तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे मेली. तू मूर्ख नाहीस. त्या मैदानावर त्या दिवशी तू एकटाच नीट बघत होतास. मला माफ करशील का? आणि तुला वाटलं तर परत ये. मॅच नाही, गोल नाही. नुसतं खेळायचं.

दिपमाला

धुळे
३१ ऑगस्ट

दिपू बेटा,

तुझं पत्र संवत्सरी होऊन गेल्यावर मिळालं. दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही.

संवत्सरीला आमच्याकडे दिवसभर येणंजाणं होतं. मोठे लहानांना हात जोडतात, लहान मोठ्यांना. सेठजींनी अर्हमसमोर हात जोडले. दरवर्षी जोडतात, उभ्या उभ्या, चप्पल घालता घालता. या वेळी खाली बसले. "बेटा, तू सोडा म्हणत होतास, मी ऐकलं नाही," म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. अर्हमने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

मग त्याने मला विचारलं, "दादी, मी गोगलगायीला कुठे सांगू?" मी त्याला म्हटलं, मनात सांग, पोचतं. तो म्हणाला, "तिला कान असतात का?" दोन इंद्रियांच्या जीवाला कान नसतात हे मीच त्याला शिकवलेलं.

काल दुपारी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. तुझ्या त्या ओळी मी हळूहळू वाचल्या, काही गाळलं नाही. ऐकून झाल्यावर तो पुन्हा वाच म्हणाला. मग मी कागद-पेन घेतलं आणि म्हटलं, तू सांग, मी लिहिते.

त्याने सांगितलं तेच लिहिते. "दिपूताईला माफ केलं. ताईने रडायचं नाही. पण मी आता खेळायला येणार नाही."

मला वाटलं, मूल आहे, रुसवा असेल. मी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, बेटा, माफ केलंस ना? मग राग संपला. ताई आता ओरडणार नाही, तिने लिहिलंय. मग का नाही जायचं?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मला राग नाही आला दादी. पण ताई परत ओरडली, तर मी परत ऐकेन ना."

तुझी,
मंजूकाकी